दहा हजारांचा नायक, चाळीस पौंडांची नायिका

एरवी या सदराला संपादक एक पान देतात आणि तेही ऐन वेळी जाहिरात आली नाही तर. दिवाळीला मात्र त्यांचा हात सैल सुटतो. तेव्हा वाचकहो, फराळाची बशी जवळ ओढून जरा ऐसपैस बसा. आजची गोष्ट दूरदेशीची आहे, पण तिची सुरुवात आमच्याच घरातली आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पुण्यात एका बँकेत नोकरी करते. दिवसभर लोकांच्या कर्जाचे हप्ते मोजायचे आणि रात्री जेवणे झाली की खोलीचे दार लोटून काहीतरी टाइप करीत बसायचे, असा तिचा वर्षभराचा क्रम. आईला वाटले, पोरगी कसल्याशा परीक्षेचा अभ्यास करते आहे. गणपतीत आम्ही सगळी एकत्र जमलो तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. बाईसाहेब इंग्रजीत कादंबरी लिहीत होत्या! आणि कादंबरी तरी कुठली? दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली. नायक ड्यूक. नायिका अनाथ, पण रूपवान. बग्ग्या, झुंबरे, नाचाचे दिवाणखाने, सारा थाट.

"अगं, पण तू इंग्लंड कधी पाहिलंयस?" मी विचारले.

"मावशी, दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड आजच्या इंग्रजांनी तरी कुठं पाहिलंय?"

उत्तर बिनतोड होते. मी मुकाट्याने तिच्या हातातला कागदांचा गठ्ठा घेतला. खोटे कशाला बोलू, दोन बैठकीत तो वाचून संपवला. पोरीचा हात चांगला आहे. पण एका जागी मी अडले. चौथ्या प्रकरणात ड्यूकमहाशय लग्नाची मागणी घालतात आणि नायिका मान उंचावून ताडकन "नाही" म्हणते. पाचव्या प्रकरणात ती नवा रेशमी झगा घालून नाचाला हजर!

मी भाचीला म्हटले, "तुझ्या नायिकेला आई नाही, बाप नाही, जमीनजुमला नाही. ड्यूकाला नकार दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाते काय? आणि हा झगा कुणाच्या पैशांनी शिवला?"

भाची हसत सुटली. "मावशी, ही प्रेमकथा आहे, घरखर्चाची वही नव्हे!"

त्या वेळी मी गप्प बसले. पण वाक्य मनात राहिले. या असल्या कादंबऱ्या जिच्यावरून निघाल्या, ती मूळची प्रेमकथा मी पुन्हा काढून वाचली, आणि माझी खात्री पटली की ती थेट घरखर्चाची वहीच आहे. कशी ते सांगते.

प्रथम या प्रकाराचे नाव. याला 'रीजन्सी' कादंबरी म्हणतात. तिसरा जॉर्ज राजा भ्रमिष्ट झाला तेव्हा १८११ च्या फेब्रुवारीत त्याच्या मुलाला राज्याचा कारभारी, म्हणजे 'रीजंट', नेमले. १८२० च्या जानेवारीत राजा वारला आणि रीजंटच राजा झाला. ती नऊ वर्षे म्हणजे रीजन्सी. आपल्या हिशेबाने सांगायचे तर दुसऱ्या बाजीरावाची शेवटची सात वर्षे आणि पेशवाई बुडाल्यानंतरची दोन. या कादंबऱ्यांत वॉटर्लूच्या लढाईमुळे ज्याचे नाव पदोपदी येते तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे १८०३ च्या सप्टेंबरात आपल्या असईच्या रणांगणावर मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्लीच. तेव्हा हा काळ आपल्याला वाटतो तितका परका नाही.

त्या काळाबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांची आद्य देवता म्हणजे जेन ऑस्टेन. तिच्या जन्माला २०२५ च्या डिसेंबरात अडीचशे वर्षे झाली. हॅम्पशायरमधल्या स्टीव्हन्टन या खेड्यातल्या धर्मोपदेशकाची ही मुलगी. तिच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. कुणी कॉलेजात वाचलेली, कुणी दूरदर्शनवर १९८५ साली 'तृष्णा' या नावाने हिंदीत पाहिलेली. बेनेट दांपत्याच्या पाच मुली. शेजारच्या वाड्यात एक सधन तरुण राहायला येतो, त्याच्याबरोबर त्याचा त्याहून धनाढ्य आणि शिष्ट मित्र डार्सी येतो. दुसरी मुलगी एलिझाबेथ आणि डार्सी यांचे पहिल्या भेटीतच बिनसते. पुढे तो मागणी घालतो, ती धुडकावते, आणि अखेर दोघांचे गैरसमज फिटून लग्न होते. एवढीच गोष्ट.

पण आता हीच गोष्ट आकड्यांत वाचा. डार्सीचे उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड. त्याच्या मित्राचे चार-पाच हजार. बेनेटसाहेबांचे दोन हजार. ऐकायला बरे वाटते, पण त्यांची जमीन केवळ पुरुष वारसाकडे जायची, अशी पूर्वजांनी व्यवस्था करून ठेवलेली. मुलगा नाही. म्हणजे बापाने डोळे मिटले की घर, शेती, सगळे कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातलगाकडे जाणार आणि बायकोमुली उंबऱ्याबाहेर. एलिझाबेथच्या वाट्याला, तेही आई गेल्यावर, येणार ते चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांतले एक हजार पौंड. वर्षाचे व्याज चाळीस पौंड!

या चाळीस पौंडांचा हिशेब तिला कोण ऐकवतो? हाच कॉलिन्स, आणि तोही तिला मागणी घालताना! तुला आणखी कुणी विचारील याचा नेम नाही, हेही तो बजावतो. हा गृहस्थ बावळट आहे, बोलघेवडा आहे, थोरामोठ्यांपुढे लोटांगण घालणारा आहे. पण त्याचा हिशेब चुकीचा नाही. त्याला होकार दिला तर आई आणि चार बहिणी यांचे डोक्यावरचे छप्पर वाचणार आहे. तरी एलिझाबेथ नाही म्हणते. पुढे डार्सी येतो. तोही तिच्या माहेरच्या माणसांचा उणेपणा तोंडावर सांगत मागणी घालतो. दहा हजार पौंड समोर उभे आहेत, आणि तिच्या पदरी आहेत चाळीस. तरी ती नाहीच म्हणते.

आता कळते ना त्या नकाराचे मोल? चाळीस पौंडवाली मुलगी 'नाही' म्हणते तेव्हा ती सारे आयुष्य पणाला लावून बोलत असते. म्हणून तो शब्द दोनशे वर्षे कानांत घुमतो.

आणि जिने होकार दिला तिचे काय? एलिझाबेथची मैत्रीण शार्लट. वय सत्तावीस, रूप बेताचे, माहेरी भावांना ओझे होण्याची धास्ती. एलिझाबेथने नाकारलेला कॉलिन्स ती तीन दिवसांच्या आत स्वीकारते. एखाद्या हलक्या लेखकाने तिची टर उडवली असती. जेन तसे करीत नाही. शार्लट नव्या घरात आपली बैठकीची खोली अशा बाजूला निवडते की नवरा दिवसातून कमीत कमी वेळा तिकडे फिरकावा! एवढ्या एका तपशिलात तो सारा संसार आला. आपल्या आज्या-पणज्यांतल्या कितीजणींनी स्वयंपाकघरात अशीच आपली जागा केली असेल, हे आठवून माझे हसू अर्ध्यावर थांबले.

जेनला हे कुठून कळले? १८०२ सालच्या डिसेंबरची २ तारीख. जेन आणि तिची बहीण कॅसँड्रा मॅनिडाउन नावाच्या वाड्यात जुन्या मैत्रिणींकडे पाहुण्या गेल्या होत्या. त्या मैत्रिणींचा भाऊ हॅरिस बिग-विदर, वय एकवीस, त्या इस्टेटीचा वारस. त्याने संध्याकाळी जेनला मागणी घातली. जेनला सत्तावीस पुरी व्हायला दोनच आठवडे उरले होते. जवळ स्वतःचे असे काही नाही, वडील थकलेले. तिने होकार दिला. रात्र गेली. सकाळी उठून तिने आपला शब्द परत घेतला, आणि दोघी बहिणी घाईघाईने तिथून निघून गेल्या.

त्या रात्री तिच्या मनात काय चालले होते याची एक ओळही मागे राहिलेली नाही. पण तो वाडा, ते सुरक्षित म्हातारपण, आईची आणि बहिणीची कायमची सोय, हे सगळे ती सकाळी सोडून आली. पुढे दोनच वर्षांनी, १८०५ च्या जानेवारीत, वडील वारले. आई आणि दोन्ही मुली भावांनी वर्षाला जे काही पाठवावे त्यावर राहू लागल्या. आज या गावी, उद्या त्या नातलगाकडे. १८०९ साली एडवर्ड या भावाने चॉटन गावातले एक लहान घर त्यांना दिले तेव्हा कुठे पाय टेकले. एका छोट्या अक्रोडी मेजावर बसून तिथे तिने जुनी बाडे पुन्हा हाती घेतली. १७९६-९७ मध्ये एकविसाव्या वर्षी लिहिलेली एक कादंबरी होती. वडिलांनी त्या वेळी तिच्याविषयी लंडनच्या प्रकाशकाला पत्र घातले होते, पण कादंबरी न पाहताच त्याने उलट टपाली नकार कळवला होता. तीच तिने तासून-पुसून नव्याने तयार केली. तीच ही 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. २८ जानेवारी १८१३ रोजी ती बाहेर आली. लेखिकेचे नाव त्यावर नव्हते.

तिचे पैसे किती मिळाले? जेनने दीडशे पौंड मागितले होते. प्रकाशकाने एकशे दहा दिले आणि सारे हक्क विकत घेतले. मी बसून हिशेब केला. डार्सीचे उत्पन्न दिवसाला साधारण सत्तावीस पौंड पडते. म्हणजे ज्या बाईने डार्सी घडवला, तिला मिळालेली रक्कम डार्सीच्या चार दिवसांच्या मिळकतीएवढी! आयुष्यभरात साऱ्या पुस्तकांचे मिळून सातशे पौंडही तिच्या हाती आले नाहीत. १८१७ च्या जुलैत विंचेस्टर गावी ती वारली, तेव्हा वय होते अवघे एकेचाळीस.

आणखी एक गंमत सांगते. ज्या रीजंटच्या नावाने हा काळ ओळखला जातो त्याचा जेनला मनस्वी तिटकारा होता. बायकोशी तो जसा वागला, त्यावरून तिने एका पत्रात तसे स्पष्ट लिहिले आहे. पण स्वारी तिच्या पुस्तकांची चाहती! दरबारातून सूचना आली आणि जेनला आपली 'एमा' त्याला अर्पण करावी लागली. त्याच्या ग्रंथपालाने पुढे तिला सुचवले की, एखाद्या राजघराण्याच्या इतिहासावर झकास रोमान्स लिहा. जेनने १८१६ च्या एप्रिलमध्ये नम्रपणे कळवले, तसले गंभीर लिखाण मला जमायचे नाही, हसल्याशिवाय मला राहवणार नाही. हजारो रोमान्स कादंबऱ्यांची ही मूळमाता, आणि रोमान्स लिहिणे तिने स्वतः असे हसण्यावारी नेले!

मग हा कारखाना सुरू केला कुणी? त्यासाठी सव्वाशे वर्षे पुढे यावे लागते. जॉर्जेट म्हटले की आपल्याला साडी आठवते. पण जॉर्जेट हेयर ही लंडनजवळच्या विंबल्डनची, १९०२ सालची. धाकट्या भावाला रक्त न गोठण्याचा आजार होता. अंथरुणावर पडलेल्या त्या मुलाचे मन रमावे म्हणून सतराव्या वर्षी तिने एक साहसकथा रचायला घेतली. वडिलांनी ती ऐकली, छापायला प्रोत्साहन दिले, आणि १९२१ साली पुस्तक निघाले. १९२५ मध्ये वडील अचानक गेले आणि धाकट्या भावांची जबाबदारी हिच्या शिरावर आली. लग्न झाले, नवरा खाणीतला इंजिनिअर. पुढे त्याने ती नोकरी सोडली आणि बॅरिस्टर व्हायचे ठरवले. तोवर संसाराचा गाडा हिच्या लेखणीने ओढला. म्हणजे घरखर्चाची वही इथेही आलीच!

१९३५ साली तिने 'रीजन्सी बक' लिहिली. डौलदार, उद्धट नायक, तोंडाची तिखट नायिका, पहिल्याच भेटीत भांडण; डार्सी-एलिझाबेथची सावली लगेच ओळखू येते. स्वतः रीजंटसाहेबही त्यात वावरतात. रीजन्सी कादंबरी नावाची जी पेठ आज भरली आहे, तिचे पहिले दुकान हे.

पण या बाईची एक अडचण होती. जेन ऑस्टेन आपल्या नायिकेचा झगा कसा होता हे क्वचितच सांगते. बग्गीला किती घोडे, मुक्काम कुठे, पत्राचे टपाल कुणी भरायचे, हे समजावत बसत नाही. कशाला समजावील? तिच्या वाचकांच्या घरी तेच झगे आणि दारात त्याच बग्ग्या होत्या. आपल्याकडच्या लेखिकेने 'तिने कुकर लावला' एवढे लिहिले की पुरते. हेयरला मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे जग उभे करायचे होते, आणि तिने ते अक्षरशः वह्या भरून उभे केले. पोशाख, टोप्या, गाड्या, वस्तूंचे भाव, बोलण्यातले वाक्प्रचार, सगळ्यांची टिपणे. तिच्या मागे हजारावर संदर्भग्रंथ निघाले. 'अॅन इन्फेमस आर्मी'त तिने वॉटर्लूची लढाई अशी बारकाईने लिहिली की लष्करी जाणकारांनीही मान डोलावली.

नकला व्हायच्या त्या झाल्याच. १९६१ साली एका वाचकाने तिला कळवले की दुसऱ्या एका लेखिकेच्या पुस्तकांत तुमची पात्रे, प्रसंग आणि बोली सर्रास उचललेली दिसते. त्यात एक वाक्प्रचार असा होता की तो हेयरला एका खाजगी छापलेल्या आठवणींच्या पुस्तकात सापडला होता, आणि ते पुस्तक बाजारात कुठेच मिळत नव्हते. म्हणजे चोरी कुठून झाली ते त्या दोन-चार शब्दांनीच सांगितले. कोर्टात मात्र ती गेली नाही.

नकलाकारांचे चुकले ते इथेच. त्यांनी हेयरच्या पुस्तकातले झगे उचलले, वह्या उचलल्या नाहीत. मग नकलेची नक्कल झाली आणि ड्यूकांचे पीक आले. वास्तविक त्या काळी साऱ्या ब्रिटनमध्ये राजघराण्याबाहेरचे ड्यूक असून असून दोन-तीन डझन, आणि त्यांत तरुण, देखणे आणि अविवाहित किती असणार? जेनच्या एकाही नायकाला असली पदवी नाही. डार्सीसुद्धा नुसता 'मिस्टर'च आहे.

हेयरची स्वतःची उत्तम कादंबरी कोणती, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझे मत मागाल तर १९६१ ची 'ए सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट'. बाप कर्जाचा डोंगर ठेवून मरतो म्हणून सैन्यातला एक तरुण उमराव घरी परततो. त्याचे प्रेम एका सुंदर मुलीवर आहे. पण इस्टेट वाचवायला तो लग्न करतो एका गडगंज व्यापाऱ्याच्या साध्या, गोलमटोल, अबोल मुलीशी. ती मुलगी त्याच्यावर मनातून प्रेम करते आणि हा सौदा आहे हेही तिला पुरते ठाऊक आहे. ती घर चालवते, त्याच्या आवडीनिवडी जपते, बडबड्या बापाला आवरते. शेवटी नवऱ्याला उमगते की आपले सुख इथेच आहे. ना वादळ, ना बेशुद्ध पडणे. प्रेमकथा सौद्यापासून सुरू होऊन घरापाशी संपते. ठरवून झालेल्या लग्नांच्या आपल्या देशात ही कथा कुणाला समजावून सांगावी लागू नये.

आणि डार्सीची गोष्ट तरी शेवटी कशावर वळते? एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया एका लबाड अधिकाऱ्याबरोबर पळून जाते. घराण्याची अब्रू जाते, पाचही बहिणींची लग्ने धोक्यात येतात. नाकारला गेलेला डार्सी गुपचूप लंडन पालथे घालतो, त्या लबाडाचे हजारावर पौंडांचे कर्ज फेडतो, लिडियाच्या नावाने आणखी हजार ठेवतो, त्याला सैन्यातली जागा विकत घेऊन देतो आणि लग्न लावून देतो. वर सांगतो, हे कुणाला कळता कामा नये. आधी याच माणसाने दहा हजारांच्या तोऱ्यात मागणी घातली होती. आता पैसा तोच आहे, पण तो तोऱ्यासाठी खर्च झालेला नाही. डार्सीच्या प्रेमाचा खरा पुरावा म्हणजे प्रेमपत्र नव्हे, ही फेडलेल्या कर्जाची पावती आहे!

आता कुणी म्हणेल, हे सारे मनोरंजन. त्याचा एवढा ऊहापोह कशाला? हेयरही आपल्या पुस्तकांना निरर्थक लिखाण म्हणून हिणवत असे. मुलाखत तिने कधी दिली नाही. १९७४ साली ती वारली तेव्हा मृत्युलेखातून वाचकांना तिचे सासरचे नाव कळले! पण एक पत्र तिने फार जपले होते. रुमानियातल्या एका स्त्रीचे. राजकीय कैदी म्हणून ती बारा वर्षे तुरुंगात होती. हेयरची 'फ्रायडेज चाइल्ड' तिला पाठ होती. कोठडीतल्या बायकांना ती पुन्हा पुन्हा ती गोष्ट सांगे, आणि त्या गोष्टीने त्यांची डोकी ठिकाणावर ठेवली. तसेच जेनचे. आपल्या मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग. पहिल्या महायुद्धात त्याचा एकुलता मुलगा पडला. त्यानंतर तो बायकोला आणि मुलीला जेनच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवत असे. न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेल्या चर्चिलने १९४३ साली मुलीकडून 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचून घेतली होती. तेव्हा फुरसतीच्या वाचनाला नाक मुरडण्याआधी आपण जरा थांबावे.

भाची मात्र म्हणेल, मावशीचं सगळं जुनंच. तर अगदी अलीकडचे सांगते. २०२० च्या नाताळात 'ब्रिजर्टन' ही मालिका आली आणि घरोघरच्या मुली रात्री जागू लागल्या. ज्युलिया क्विन या अमेरिकन लेखिकेच्या कादंबऱ्यांवरून ती केली आहे. २०२२ च्या दुसऱ्या भागात नायिका आणि तिची बहीण चक्क मुंबईहून लंडनला येतात. ही सोयरीक अगदीच काल्पनिक म्हणता येणार नाही. खुद्द जेनची आत्या फिलाडेल्फिया पैसा नाही म्हणून १७५२ साली नवरा शोधायला जहाजाने हिंदुस्थानात आली होती आणि दुसऱ्याच वर्षी इथल्या एका इंग्रज डॉक्टरशी तिचे लग्न लागले होते. तिची मुलगी कलकत्त्यात जन्मली. घरखर्चाच्या वहीची पाने अशी आपल्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली आहेत.

हे सगळे मी भाचीला पितृपंधरवड्यातल्या एका रविवारी फोनवर ऐकवले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, माझी नायिका इतक्या सहज नाही म्हणते, ते चुकतंय का?"

चुकत नव्हते, पण ते त्या नायिकेचे नव्हते. गेल्या वर्षी भाचीला अमेरिकेतले एक स्थळ सांगून आले होते. मुलगा शिकलेला, घर चांगले. दोनदा भेटून ती शांतपणे "नको" म्हणाली. माझी बहीण महिनाभर तिच्याशी धड बोलली नाही. बाकी काही झाले नाही. पहिल्या तारखेला पगार जमा झाला. पोरीने नायिकेच्या तोंडी घातला तो नकार तिचा स्वतःचा होता, दरमहा पगार घेणाऱ्या मुलीचा. मी तसे तिला सांगितले, आणि हेही सांगितले की तुझा 'नको' फुकटात झाला तो फुकटचा नव्हता. तुझ्या आजीला कुणी विचारलेच नाही. तुझ्या आईला विचारले, पण उत्तरासाठी थांबले नाहीत. त्या मॅनिडाउनच्या वाड्यातून सकाळी निघालेल्या बाईने, आणि नावगाव न राहिलेल्या कितीतरी बायकांनी, त्याची किंमत आधीच भरली आहे.

ती "हं" म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटले, रागावली.

परवा वसुबारसेच्या आदल्या दिवशी रात्री अकराला फोन वाजला. एवढ्या रात्री फोन म्हणजे काळजात धस्स होते.

"मावशी, झोपली नाहीस ना? चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं. ड्यूक काढून टाकला, साधा मिस्टर केला. हिनं नकार दिलाय. झगा विकलाय. आता एक खोली भाड्यानं घेऊन राहते आणि तिच्याजवळ सतरा पौंड उरलेत."

"मग?"

"मग काय! कोळसा, मेणबत्त्या, चहा, खोलीचं भाडं... सतरा पौंड किती दिवस पुरतील, तूच सांग. वही तुझीच ना?"

चकलीची भाजणी तशीच झाकून ठेवली, चष्मा शोधला आणि हिशेबाला बसले.